बोका बडवला तर उंदीर कोण धरन?

पत्र: "काका, आमच्या घरी दहा महिन्याचा बोका आहे, वाघ्या. चमच्यानं दूध पाजून वाढवला. दिवाळीपर्यंत चांगला होता, आता दोन-दोन तीन-तीन दिवस घरीच येत नाही, आला की कान फाटलेला. रात्रभर सपरीत भसाड्या आवाजात ओरडते. सोयाबीनच्या भरलेल्या कट्ट्यांवर (पोत्यांवर) शेपूट वर करून पिचकारी मारते आणि कापसाच्या गंजीवर बसून मुतते ते वेगळंच. मिस्टर म्हणतात दूर नेऊन सोडून देऊ. मी म्हटलं ऑपरेशन करू, तर सासूबाई म्हणतात पाप लागते, आणि दीर म्हणते बडवला की सुस्त होईन मग उंदीर कोण धरन. ऑपरेशननं खरंच स्वभाव बदलतो का? आणि माझ्यावर रुसणार तर नाही ना?" दारव्ह्याकडची एक ताई

ताई, पहिले ते दूर नेऊन सोडायचं डोक्यातून काढा. मिस्टरांना सांगा, पोत्यात भरून चार-पाच किलोमीटरवर कोण्या धुऱ्यावर सोडलेला बोका तिथं काही संसार मांडत नाही, तो घराकडं यायला निघतो, वाटेत दुसऱ्या बोक्यांचे इलाके, कुत्री, रस्त्यावरच्या गाड्या, आणि कोणाच्या हरभऱ्यात उंदरासाठी झिंक फॉस्फाईड टाकलं असलं आणि तो मेलेला उंदीर यानं खाल्ला तर जीवावर बेतू शकते. आणि समजा नाहीच आला परत, तर तुमच्या घरची जागा रिकामी पाहून दुसरा बोका येऊन बसणार, तो तर हातालाही लागणार नाही.

आता मुद्द्याचं. मी काही मोठा डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालो, जन्म ढोरांमध्येच गेला. बर्डिझोचा चिमटा घेऊन गावोगाव फिरलो, गोऱ्हे किती बडवले, म्हणजे अंडं निकामी करून बैल केले, त्याचा हिशेब नाही. म्हणून तुमच्या दिराला बैलाच्याच भाषेत सांगतो. गोऱ्हा वयात आला की ढुशा मारते, दावं तोडते, गाईमागं पळते, हे त्यालेही माहीत आहे. बडवला की ते सगळं हळूहळू कमी होते. पण म्हणून बैल सुस्त झाला असं कोण्या कास्तकारानं म्हणावं? दिवसभर वखर ओढते तो बडवलेलाच असते ना भाऊ! ढुशी गेली, ताकद नाही गेली.

बोक्याचं तसंच आहे. अंडातून टेस्टोस्टेरॉन नावाचं हार्मोन येते, बोका पाच-सहा महिन्याचा झाला की ते चढायला लागते आणि मग तुम्ही लिहिलं ते सगळं सुरू होते. हिंडणं, मारामाऱ्या, पिचकारी, रात्रीचं बोंबलणं. तुमचा वाघ्या दिवाळीपर्यंत चांगला होता म्हणता, म्हणजे तो बिघडला नाही, वयात आला. पोट्टं मिशी फुटल्यावर घरात टिकत नाही तसं. आणि अजून तर खरा हंगाम यायचाच आहे, थंडी सरून दिवस मोठे व्हायला लागले की गावातल्या भाट्या, म्हणजे मांजरी, माजावर येतील, त्यांचा आवाज आणि वास याला लांबूनही कळते, तेव्हा तीन दिवसाचे आठ दिवस होतील. म्हणून मी म्हणतो संक्रांतीची वाट पाहू नका.

एक घोळ मात्र सगळेच करतात, नसबंदी म्हणतात. माणसाच्या नसबंदीत फक्त नळी बांधतात, हार्मोन चालूच राहते, म्हणून माणसात काही फरक पडत नाही (हे मिस्टरांनाही सांगून ठेवा, बोक्याच्या ऑपरेशनचं नाव काढलं की घरातले पुरुष उगाच मांडी आवळून बसतात, मी पाहिलं आहे). बोक्याची नुसती नळी बांधली तर पिल्लं होणार नाहीत पण हिंडणं, भांडणं, पिचकारी सगळं जसंच्या तसं. त्याच्यात दोन्ही अंडं पूर्ण काढतात. दवाखान्यात तसंच करतात, तरी आपल्याला माहीत पाहिजे आपण काय करून राहिलो.

आता बदलतं काय. १९७३ मध्ये अमेरिकेत मोठ्या झालेल्या ४२ बोक्यांवर अभ्यास झाला होता, म्हणजे सवयी लागून गेलेल्या बोक्यांवर, त्यात ऑपरेशननंतर हिंडणं जवळपास ९४ टक्क्यांत कमी झालं, मारामाऱ्या आणि पिचकारी ८८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहातल्या नऊ घरी फरक पडते आणि एका घरी नाही पडत असं धरून चला. तुम्ही त्या एका घरात निघालात तर मला शिव्या देऊ नका, पण वाघ्या दहा महिन्याचाच आहे, सवय मुरली नाही अजून, म्हणून तुमचा नंबर नऊ जणांत लागायची शक्यता चांगली आहे.

आणि हे दुसऱ्या दिवशी होत नाही. ह्याच्यातच लोक फसतात. रक्तातलं हार्मोन काही दिवसातच उतरते पण डोक्यातली सवय तेवढ्या लवकर उतरत नाही, त्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त बोके पटकन सुधारले, पण काही हळूहळू, त्यांना काही महिने लागले. आमच्या शेजारच्या एकानं ऑपरेशन करून आणल्यावर पाचव्या दिवशी बोका पळाला म्हणून डॉक्टरच्या नावानं सगळ्या चौकात बोंब मारली, दोन महिन्यानं तोच बोका त्याच्या खाटेच्या पायथ्याशी दिवसभर पडलेला, तेव्हा मात्र चौकात कोणाला सांगायला गेला नाही.

पिचकारीचा तो वास असतो ना, कट्टा धुतला तरी जात नाही असा, तोही कमी होतो. बोक्याच्या मुतात फेलिनिन नावाचा एक पदार्थ असते, त्यात गंधक असते, हार्मोन जास्त तर फेलिनिन जास्त, आणि ते हवेत फुटलं की तो भपकारा येते. ऑपरेशन झालेल्या बोक्यात ते बरंच घटते. मुत म्हणजे मुतच राहणार, अत्तर होणार नाही, पण डोकं उठवणारा वास राहत नाही.

आता ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही "ते वेगळंच" म्हणून जाता जाता लिहून टाकली. कट्ट्यावर शेपूट वर करून पिचकारी आणि कापसावर बसून मुतणं, ह्या दोन अलग गोष्टी आहेत. उभं राहून, शेपूट थरथरवत, मागं उभ्या वस्तूवर थोडंसं उडवणं म्हणजे बोर्ड लावणं, की हा इलाका माझा. ते हार्मोनचं काम, ऑपरेशननं बहुतेक जाईल. पण बसून, सगळं मुत एका जागी, मऊ गंजीवर, ते बोर्ड लावणं नाही, तो संडास आहे. मांजराला उकरता येईल अशी मऊ भुसभुशीत जागा लागते, आणि घरात कापूस भरून ठेवला म्हणजे त्याच्या दृष्टीनं तुम्ही त्याला अख्खी खोलीभर गादीची सोय करून दिली! हे ऑपरेशननं जाणार नाही. कापसाच्या खोलीचं दार लावा, दार नसेल तर जुनी ताडपत्री खालपर्यंत ओढून वरून पाट्या ठेवा, आणि एका जुन्या घमेल्यात रेती भरून सपरीच्या कोपऱ्यात ठेवा, रोज साफ करा, घाण झालं की तो पुन्हा कापूस शोधणार. भाव वाढायची वाट पाहत कापूस घरात ठेवला आणि ओला पिवळा झाला म्हणून व्यापाऱ्यानं भाव तोडला तर त्यात बोक्याची चूक कमी आणि उघड्या दाराची जास्त.

आणखी एक, तो मुतायला बसतो तेव्हा नीट धार येते का ते एकदा पाहून घ्या. वारंवार बसते, कण्हते, थेंबथेंब येते किंवा येतच नाही, रक्त दिसते, असं असलं तर हा स्वभाव नाही, आजार आहे. बोक्याची मुत्राची नळी अरुंद असते, तुंबली तर एक-दोन दिवसात जीव जातो, तेव्हा सोमवारी बघू, बाजाराच्या दिवशी बघू असं करायचं नाही, त्याच घडीला दवाखाना. ऑपरेशनच्या आधीही आणि नंतर जन्मभरही हे लक्षात ठेवा.

कट्टे धुवायला फिनाईल वापरू नका. मांजराला फिनाईल विषासारखं आहे, पायाला लागलं, चाटलं की पोटात गेलं. डेटॉलचंही तेच. साधं निरम्याचं पाणी, मग कडक ऊन, आणि जमलं तर त्या कोपऱ्यातले कट्टे बदलून टाका, जुना वास राहिला की तो पुन्हा तिथंच जाते.

आता उंदराचं. दीरभाऊंना सांगा, उंदीर धरणं हे टेस्टोस्टेरॉनचं काम नाही. तसं असतं तर भाटीनं कधी उंदीरच धरला नसता, आणि पिल्लं असलेली भाटी जेवढे उंदीर आणते तेवढे कोणता बोका आणते सांगा बरं. शिकार पिल्लू मायकडून पाहून शिकते आणि ते अंगातच असते. वाघ्या चमच्यावर वाढला म्हणता, म्हणजे मायनं शिकवायचं थोडं राहिलं असू शकते, पण आत्तापर्यंत धरत असेल तर पुढंही धरेल. उलट हिंडणं कमी झाल्यावर जी रात्र तो दुसऱ्याच्या माडीवर भांडण्यात घालवत होता ती तुमच्या कट्ट्यांजवळ घालवेल. फक्त एक अट, जाडा झाला तर नाही धरणार.

आणि जाडा होणं हे खरं आहे, दीर सुस्त होईन म्हणते ते तेवढ्यापुरतं बरोबर. ऑपरेशननंतर शरीराला लागणारं खाणं पाव-एक भाग कमी होते आणि भूक मात्र वाढते. हे उलटं गणित आहे म्हणून बाया फसतात, तो म्याऊ म्याऊ करत पायात घोटाळते, ऑपरेशन झालं बिचाऱ्याचं म्हणून आपण वाटीभर जास्त देतो आणि सहा महिन्यात त्याचा भोपळा होते. पहिल्या आठवड्यापासूनच थोडं कमी द्या. बरगड्यांवर हात फिरवला तर लागल्या पाहिजेत, दिसायला नकोत. आणि नुसती दूध-भाकर नका देऊ, मांजर हे मांस खाणारं जनावर आहे, त्याला टॉरिन नावाचं एक द्रव्य लागते ते मांस-मासळीतूनच मिळते, धान्यात नसते, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय खराब होते. कोंबडीचे तुकडे, आठवडी बाजारातली सुकट धुवून खारटपणा काढून, जे जमेल ते. घरात माळकरी असतील तर सपरीत वेगळी वाटी ठेवा. पाणी मातीच्या भांड्यात, जेवणापासून थोडं दूर, उन्हाळ्यात दोन ठिकाणी.

रुसणार का म्हणता. दवाखान्याहून आल्यावर दिवस-दोन दिवस ढोलीमागं नाहीतर खाटेखाली लपेल, अंगाला औषधाचा वास, डोकं गरगरलेलं, त्याला तुमच्याशी भांडण नसते. तुम्ही माझं काय काढून घेतलं हा हिशेब मांजराच्या डोक्यात नसतो, तो माणसांच्या डोक्यात असते. आमच्याकडं पहिला बोका होता, काळा, त्याचं मी आज करू उद्या करू म्हणत राहिलो, स्वतः ह्याच खात्यात असून, आणि एका फाल्गुनात तो गालावर लिंबाएवढं गळू घेऊन आला, चावलेल्या जागी आत पू झाला होता, औषधपाणी करून जगवला आणि बरा झाल्याबरोबर पुन्हा गेला तो आलाच नाही. बायको अजूनही टोमणा मारते की गावभरचे गोऱ्हे बडवले आणि घरच्या बोक्यापाशी हात थरथरला. दुसऱ्याचं सहाव्या महिन्यात करून घेतलं. तो आधी जेवढा लाडिक होता तेवढाच राहिला, जेवढा चोरटा होता तेवढाच चोरटा, दुधाची पातेली अजूनही झाकून ठेवावी लागते. स्वभाव म्हणतात तो तोच राहते ताई. वाघ्या पिल्लू असताना जसा होता, खेळकर, अंगावर येऊन झोपणारा, तसा बराचसा परत दिसेल.

ह्या चावाचावीतूनच मांजरांचा एड्ससारखा एक विषाणू एकाकडून दुसऱ्याकडं जाते, माणसाला होत नाही, पण मांजराला त्यावर पक्का इलाज नाही. कान फाटला तेव्हाच हा धोका सुरू झाला. रेबीजचीही लस टोचली नसेल तर ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारून टोचून घ्या. आणि धरताना तुम्हालाच चावला तर जखम साबण लावून पंधरा मिनिट वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, हळद-चुना भरून घरी नाही बसायचं.

कुठं करायचं, तर गावच्या दवाखान्यात जास्त करून ढोरांचंच काम चालते, तिथं मांजराला भूल द्यायची सोय असेलच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय पहा, नाहीतर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावात कोणी म्हटलं की मी चिमट्यानं करून देतो, तर हात जोडा आणि वाट दाखवा. तो चिमटा बैलासाठी आहे, बोक्याची भूल देऊनच सर्जरी करायची असते, छोटी चीर, काही मिनिटांचं काम, बहुतेक वेळा टाकेही नसतात.

आदल्या रात्री जेवण लवकर द्या आणि मग डॉक्टर सांगतील तितके तास उपाशी ठेवा, आणि त्या रात्री घरात कोंडा, नाहीतर सकाळी तुम्ही तयार आणि वाघ्या बेपत्ता. नेताना पोत्यात अजिबात नाही, जीव गुदमरते. कोंबड्यांचं डालं उलटं-सुलटं दोन बांधा नाहीतर भाजीचे प्लास्टिकचे दोन कॅरेट एकावर एक दोरीनं आवळा, आत जुनं लुगडं टाका म्हणजे तुमच्या घरचा वास राहते, एसटीत वरून टॉवेल झाका. भुलीत बऱ्याच मांजरांचे डोळे उघडेच राहतात आणि लाळ गळते, ते पाहून घाबरू नका. घरी आणल्यावर थंडीचे दिवस आहेत, गरम जागी ठेवा, उंच चढू देऊ नका, पूर्ण शुद्धीत आल्याशिवाय खायला देऊ नका. घमेल्यात पाच-सात दिवस रेतीऐवजी पेपरचे तुकडे, नाहीतर जखमेत रेती जाते. दुखत असेल बिचाऱ्याला म्हणून घरातली क्रोसिन, पॅरासिटामॉलची गोळी फोडून देऊ नका, अर्धी सुद्धा नाही, मांजर त्यानं मरते, आणि हे मी पाहिलेलं आहे. चाटत जास्त असेल, सूज वाढत असेल, जेवत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंशी वाद नका घालू. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागते हे आमच्या आजीनंही सांगितलं होतं, आणि मारण्याचं पाप आहेच, दूर नेऊन सोडलं तर ते त्याच्याच जवळ जाते. पण पोळ्याला आपण खांदे शेकून, झूल घालून, पुरणपोळी खाऊ घालून ज्याच्या पाया पडतो तो बैल कोण असते हे त्यांनाच एकदा विचारा, हळूच, चहा देता देता. त्या कास्तकाराच्या घरच्या आहेत, त्यांना बरोबर समजेल.

शेवटचं, पत्राच्या कोपऱ्यात लिहिलं आहे तुम्ही की याचं ऑपरेशन झालं म्हणजे शेजारच्या भाटीला पिल्लं होणार नाहीत का. होतील ना. गावात दुसरे बोके मेले थोडेच. आणि वाघ्याही ऑपरेशननंतर चार-सहा आठवडे धोक्याचाच, आत राहिलेलं बीज तेवढे दिवस काम करू शकते, तेव्हा तेवढे दिवस त्याला भाटीपासून दूरच ठेवा. पिल्लं थांबवायची तर भाटीचंच ऑपरेशन लागते, ते पोट उघडून असते, थोडं मोठं, पण होते. शेजारीण तयार असेल तर एकाच दिवशी दोघांना घेऊन जा, गाडीभाडं वाचेल. फक्त दोघांना एका डाल्यात कोंबू नका.